खिंडीची खूण

कारापेबा,
२ मार्च १९७६

ति. बाबांस,
लिंदाल्वाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. नातालच्या इस्पितळात तुमच्या शेजारच्या खाटेवर असलेल्या वाल्देमारकाकांनी लिहून दिलं ते एक बरं झालं. तुमचा हात धड होता तेव्हासुद्धा तुमचं अक्षर आम्हाला लागत नसे. हाताला आता थोडी ताकद येते आहे हे वाचून आई जरा जेवली.

पण ईस्टर झाला की बोट अनास्तासियोकाकांना देऊन टाकायची, हे मला अजिबात मान्य नाही. आई म्हणते, ही लाकडाची सवत घराबाहेर जात असेल तर आपण आडवं का यावं? वर तीच रोज संध्याकाळी बोटीवर ओली पोती टाकून येते, फळ्या उकलू नयेत म्हणून.

बोट मी चालवते. आतल्या पाण्यात शीड धरायला तुम्हीच शिकवलंत. समुद्रातल्या खडकाच्या रांगेत जी खिंड आहे तिच्यातून बाहेर पडून पलीकडे गळ टाकायचा आणि सुखरूप परत यायचं, एवढंच राहिलंय. तेवढं जमलं तर बोट घरात ठेवायची, असं कबूल करा. किनाऱ्यावरचे लोक म्हणतात, बाई खडकावर गेली की मासे पळतात. पळणारे पळोत, उरतील त्यांना आणीन.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
लिंदाल्वा


नाताल,
९ मार्च १९७६

चि. लिंदाल्वा हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून मी तासभर चिडलो आणि मग तासभर हसलो. वाल्देमार म्हणतो, पोरगी बापावर गेली आहे. कबूल. पण एकटी जायचं नाही, आणि मी सांगतो त्यात काडीचा बदल करायचा नाही.

उजाडता जमिनीवरचा वारा असतो, त्यावर निघायचं. दुपारचा वारा सुटायच्या आत खिंडीतून परत आत यायचं, मग गळाला देवमासा लागलेला असला तरी. पाण्याचं मडकं, कसावाचं पीठ, गुळाची ढेप बरोबर हवी. पाणी उपसायचा भोपळा दोरीने बांधून ठेव. नांगराचा दोर खोलीच्या तिप्पट सोड आणि बोट अशी उभी कर की दोर तुटलाच तर ती खडकावर जाणार नाही.

आता खिंड. किनाऱ्याकडे तोंड करून पाहा. चर्चचा क्रूस मागच्या टेकडीच्या उजव्या खांद्यावर आला की बोटीच्या तोंडासमोर, समुद्राच्या बाजूला खिंड. पण आली म्हणून घुसायचं नाही. शीड उतरवून एक जपमाळ पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि नुसतं पाहायचं. लपलेला खडक दर लाटेला दात दाखवत नाही, बऱ्याच वेळाने एकदाच दाखवतो. शंका आली तर माघारी यायचं. माघारी आलेल्याला आमच्यात कोणी हसत नाही.

जमलं तर बोट तुझी.

जिवाला जपावं, हाच आशीर्वाद,
तुझे बाबा


नाताल,
११ मार्च

लिंदाल्वा,

हे माझ्या डाव्या हाताने लिहितोय. कसंही करून वाच. जाऊ नकोस. मी खूण खोटी सांगितली. वाल्देमार शेजारच्या गावचा, तोही मासे धरणारा. त्याच्यासमोर आमच्या आज्यापासूनची खूण तोंडातून खरी निघेचना. सवयीने उलटी सांगून गेलो, आणि पत्र गेल्यावर लक्षात आलं की ते वाचणार तू आहेस. क्रूस डाव्या खांद्यावर. डाव्या. उजव्यावर खडक आहे.

हे पत्र पोचल्याचं ताबडतोब कळव.

बाबा


कारापेबा,
१८ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. हे आधी लिहिते, मग भांडते.

तुमचं पहिलं पत्र सोमवारी आलं, मंगळवारी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि आई. होय, आई. एकटी जाऊ देणार नाही म्हणाली आणि छत्री, जपमाळ घेऊन बोटीत जाऊन बसली. तुमच्या सगळ्या नातेवाइकांची नावं घेत ती वाटेत दोनदा ओकली.

क्रूस उजव्या खांद्यावर आला. समोरचं पाणी निळंशार, तेलासारखं गुळगुळीत. मला तर सरळ आत शिरावंसं वाटत होतं. पण तुम्ही सांगितलं होतं म्हणून शीड उतरवलं, वल्ह्यांनी बोट जागेवर धरली आणि आई जप करू लागली. अर्धी माळ झाली, काही नाही. आई म्हणाली, तुझ्या बापाला उगीच भ्यायची सवय आहे. माळेतलं दहा मण्यांचं चौथं दशक संपता संपता समोरचं पाणी उभं राहिलं, फुटलं, आणि खाली काळा खडक दिसला, आपल्या ओट्याएवढा. मग पुन्हा सगळं शांत. मी बोट वळवली. आईने उरलेली माळ किनारा येईपर्यंत पूर्ण केली.

मला वाटलं, माझंच चुकलं. दोन दिवस मी स्वतःला मठ्ठ म्हणत होते. मग आज तुमचं डाव्या हाताचं पत्र आलं.

बाबा, मला फार राग आला आहे. आई त्या बोटीत होती. परक्यापासून खूण लपवताना तुम्ही मुलीपासूनही लपवलीत. आणि तेवढंच खरं आहे की तुमच्याच जपमाळेने आम्ही वाचलो. त्यामुळे धड रागावताही येत नाही, ह्याचा आणखी राग येतो.

खरी खूण कळवलीत, पण मी ती वापरणार नाही. माझी मी शोधीन.

रागावलेली, तरी तुमचीच,
लिंदाल्वा


कारापेबा,
३ एप्रिल

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

पौर्णिमेनंतरच्या उधाणाला मोठी ओहोटी लागली, तेव्हा आतल्या बाजूने अख्खा खडक उघडा पाहून आले. खिंड कुठून वळते, कुठे अरुंद होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं. तीन दिवस रोज गेले, आत घुसले नाही. चौथ्या दिवशी माळ पूर्ण झाल्यावर घुसले. पाणी खालून नुसतं गडद निळं होत गेलं आणि आपण बाहेर. मी रडले, आईने पाहिलं नाही असं दाखवलं.

वारा बदलायच्या आत परत आलो. दोन हेकरू आणि एक तांबोशी, असे तीन मासे मिळाले. गळाला चौथाही होता, मोठा, पण दुपार होत आली होती, दोर कापला. तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, तरी कापला ह्याचं वाईट वाटत नाही.

मी कुठली खूण धरली ते लिहीत नाही. वाल्देमारकाकांना नमस्कार.

आता राग गेला आहे. लवकर बरे व्हा.

तुमची,
लिंदाल्वा


नाताल,
१० एप्रिल

श्रीमती तांडेलबाईंस,
ओतासीलिओ खलाशाचा सा. न. वि. वि.

पत्र मी स्वतः वाचलं. वाल्देमारने मागितलं, दिलं नाही.

माझं चुकलं, बाळा. चाळीस वर्षं ती खूण छातीशी धरून बसलो आणि तिच्यापायी तुला आणि तुझ्या आईला गमावून बसलो असतो. त्या दोन दिवसांत तू स्वतःला मठ्ठ म्हणत होतीस, ते मला सर्वांत जास्त लागलं. दोर कापलास ते वाचलं तेव्हा मात्र खाटेवर उठून बसलो. मला तो कापायला शिकायला पंधरा वर्षं लागली होती.

अनास्तासियोला निरोप धाडला आहे. बोट तुझी.

डॉक्टर मंगळवारी सोडतात. उजवा हात अर्धाच चालतो, पण पाणी उपसायला डावा पुरे. तुझी आई जागा सोडणार नसेल तर मी पुढच्या फळीवर बसेन. सुकाणूला हात लावणार नाही, सल्ला देणार नाही. आणि खिंड जवळ आली की तू सांग, मी डोळे मिटून घेईन. खूण तुझी आहे.

कामावर घ्यावे, ही विनंती.

आपला नवा खलाशी,
बाबा