एका माणसापुरती गॅलरी

२ फेब्रुवारी १९७५, रविवार

पेन्शन! ह्यांचं पत्र आलं. एक एप्रिलपासून कायमचे घरी. ‘कायमचे’खाली रेघ मारलीय. पट्टीनं.

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मग माझ्या तोंडात घातली. ‘आता माजा लाला कुटं जायाचा न्हाई.’ मी साखर चघळत बसले. लग्नाला चोवीस वर्षं झाली. सगळ्या सुट्ट्या जोडल्या तर मी ह्या हवालदाराबरोबर फार तर चार वर्षं राहिलेय, बाकी सगळी फौजेची. तीही हप्त्यांनी. माणूस चांगला आहे — पण दोन महिन्यांच्या मापाचा! दुसरा महिना संपत आला की स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायला लागतो. तेवढ्यात गाडीची वेळ होते.

आता गाडीच नाही.

५ फेब्रुवारी

साताऱ्यातल्या ह्या दोन खोल्यांत माझी म्हणावी अशी जागा कुठली? शाळेत शिकवून आले की पिठाच्या डब्यावर वही ठेवून लिहिते. पानांना ज्वारीचा वास येतो.

गॅलरी आहे. तीन हात रुंद, सात हात लांब. तिच्यात ह्यांच्या चार काळ्या ट्रंका. बदली झाली की एक घरी यायची — वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, खाली हे मोठं कुलूप. बारा वर्षं मी त्यांच्यावर सांडगे वाळवतेय.

ठरलं. हे यायच्या आत गॅलरी माझी करायची. चार झाडं आणि बसायला एक जागा. एकच! विकत काही आणायचं नाही. घरात अडगळ काय कमी आहे?

९ फेब्रुवारी, रविवार

खाली सायकलचं दुकान आहे ते घरमालक तात्याबांचं. त्यांच्याकडून हातोडा आणला. सासूबाई ट्रंकेवरच बसल्या.

‘मानूस पल्टनीत आसताना त्याची पेटी उगडू न्हाई. आमच्या म्हसवडकडं कुनी हात लावत न्हाई.’

‘आई, एक एप्रिलला ते स्वतःच उघडतील की.’

‘मग त्योच उगडंल.’

मी हातोडा खाली ठेवला. चहा केला. चहा पिऊन झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, ‘काय आसंल गं आत?’

‘कुणास ठाऊक. दुसऱ्या बायकोचं लुगडं.’

म्हातारी टुणकन उठली! ‘उगड. पर माज्या म्होरं उगड.’

लुगडं निघालं नाही. बूट निघाले — सात, म्हणजे साडेतीन जोड. जेवणाचे पत्र्याचे डबे. गोळ्यांच्या रिकाम्या पेट्या. दोरखंड. फाटलेली हिरवी-तपकिरी जाळी, तोफा झाकतात तसली. आणि एका कागदात नीट गुंडाळलेल्या एकोणीस तुटक्या कड्या. काहीही टाकून द्यायचं नाही म्हणजे किती नाही!

तीन ट्रंका झाल्या. चौथीचं कुलूप काही तुटेना.

१२ फेब्रुवारी

बुटांत पुदिना लावला. गोळ्यांच्या पेटीत कोथिंबीर. जेवणाच्या डब्यात तुळस लावणार होते, तर सासूबाई कडाडल्या, ‘त्यात कोंबडं खाल्लं आसंल त्यानं! तिथं तुळस?’ म्हणून मिरची लावली. मिरचीचं सोवळं-ओवळं नसतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बैठक तयार. एक ट्रंक आडवी टाकून, वरचा पत्रा काढून, तात्याबांनी दिलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबांनी खाटेसारखी विणली. बसलं की झुलते. मांडीवर वही मावते.

सासूबाई वीण दाबून बघत होत्या. ‘आन् लाला कुटं बसायचा?’

‘घर आहे की सगळं.’

त्या उठून आत गेल्या. नंतर एक फुटकं मडकं घेऊन आल्या, त्याच्या भोकात लुगड्याची चिंधी पिळून घातली आणि बुटांवर टांगलं. ‘थेंब थेंब पडतंय. भांडी इसळल्यालं पानी वत ह्यात. दुस्काळात ह्याच्यावर वांगी जगवली म्या.’

मला वाटलं होतं, झाडांतलं मला कळतं!

१८ फेब्रुवारी

तात्याबा खालून ओरडले, ‘बाई, ऊन पडलंय आन् माजी टोपी भिजली!’

मडकं वीतभर आत सरकवलं.

२ मार्च, रविवार

चौथ्या ट्रंकेचं कुलूप तात्याबांनी करवतीनं कापलं. शेजारीच मी गॅलरीला बांधलेल्या जाळीवर घेवड्याचा वेल चढवत होते. हातातलं सोडून आले.

आत माझी पत्रं होती. गेल्या बदलीपर्यंतची सगळी. बुटाच्या नाडीनं वर्षावर्षाचा गठ्ठा बांधलेला. प्रत्येक पाकिटावर पोचल्याची तारीख.

बसले वाचायला. एक वाचलं, दुसरं वाचलं, दहावं वाचलं. ‘सा. न. वि. वि. इकडील सर्व खुशाल. आईंची तब्येत बरी. तब्येतीस जपावे. काळजी नसावी.’ कुठलं कुठल्या साली लिहिलंय, मलाच सांगता येईना. बहात्तरच्या दुष्काळातलंही तेच! गावाकडची जनावरं छावणीत, विहिरीला तळ दिसत होता, आई तापानं फणफणलेल्या — आणि मी लिहितेय, सर्व खुशाल.

तसंच लिहायचं असतं. पलटणीतल्या माणसाला घोर लावायचा नाही, ही ह्या घरची रीत. आणि मी रोज ह्या वहीत पानं भरते! त्या माणसानं पानभर खुशाली चोवीस वर्षं जपून ठेवली. नाडीला गाठसुद्धा फुलाची मारलीय.

३ मार्च

त्यांना पत्र लिहिलं. पहिल्यांदाच, ह्या वहीत लिहिते तसं.

‘तुमच्या ट्रंका फोडल्या. बुटांत पुदिना आलाय, डब्यात मिरची. गॅलरी आता माझी. बैठक एकाच माणसापुरती आहे, तुम्हाला जागा नाही! तुम्हाला उभं राहायची सवय आहेच, दारात पहारा द्या.’

लिहिताना एकटीच हसत होते. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत.

‘त्येला मस्करी कळती का गं?’

‘तुमचाच मुलगा ना, आई?’

‘सतराव्या वर्सी गेला त्यो. मला काय ठावं.’

पाकीट चिकटवून टाकलं.

११ मार्च

पुदिन्याची पहिली चटणी! तात्याबांना वाटीभर दिली. ‘बुटातली का?’ म्हणाले आणि बोटानं चाटून खाल्ली.

गॅलरीत लिहितेय. वहीला आता ज्वारीचा वास नाही. वेल जाळीवर असा पसरलाय की खालच्या रस्त्यावरून मी कुणाला दिसत नाही. हेच हवं होतं. मग सारखं शेजारच्या रिकाम्या फरशीकडे का बघतेय? तिथे एक पाट मावेल. पाट कसला, अख्खा माणूस मावेल, पाय जवळ घेऊन बसला तर.

डबे उंचीप्रमाणे लावले म्हणून काय बिघडतं? लावू दे.

१५ मार्च

पोस्टमन आला नाही. म्हणजे आला, आमच्याकडे आला नाही.

१९ मार्च

पत्र आलं. ‘सौ. यांस आशीर्वाद. तुमचे पत्र पोचले. घरी जागेची अडचण आहे हे समजले. इकडेच डेपोवर पहाऱ्याची नोकरी मिळत होती, पाच वर्षांची, ती धरली. बूट वापरावेत. इकडील सर्व खुशाल. काळजी नसावी.’

सासूबाईंनी विचारलं, ‘काय म्हनतोय?’

मी म्हटलं, ‘खुशाल आहेत.’

चौथी ट्रंक रिकामी केली आणि तात्याबांकडे दुसऱ्या बैठकीसाठी ट्यूबा मागायला खाली गेले.