भुशावर आळ

६ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते. भावोजींचा खोकला थांबला का? नसेल तर त्यांना सांग, खिडकी उघडी टाकून झोपण्याचं वय गेलं आता.

दुकानात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. परीक्षा जवळ आल्या की सगळ्या आयांना एकदमच आठवतं, पोराला फळ्यावरचं दिसत नाही. दिवसभर चष्म्याच्या दांड्या तापवायच्या, वाकवायच्या आणि कानामागे बसवून बघायच्या. काल एक आजोबा आले. म्हणाले, चष्मा सारखा घसरतो आणि हल्ली दिसतही नाही. पाहते तर चष्मा त्यांचा नव्हताच, आजींचा होता. आठवडाभर दोघं एकमेकांचे चष्मे लावून 'डोळे गेले, डोळे गेले' करत बसले होते. तुझी भिंगरी इथे असती तर हसून लोळली असती.

कशी आहे ती? कानाची जखम सुकली का? मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. रागावली आहेस हे कळतं मला, म्हणून लिहायला बसले.

तिला घेऊन जाताना जिन्यात तू विचारलंस, "तुझ्या घरात राहून पोरीने कान टोचून घेतला आणि तुला पत्ता नाही?" तेव्हा मी गप्प बसले, कारण शेजारच्या बाई दार उघडून उभ्या होत्या. खरं सांगायचं तर काय सांगणार होते? मी दुकानात, ती सुतारकामाच्या कारखान्यात. संध्याकाळी दोघी दमून घरी येणार. त्यात तिचे केस मोकळे, कान दिसतोय कुठे. ऑर्बिटल म्हणतात म्हणे त्याला. कानाच्या वरच्या कडक भागात शेजारी-शेजारी दोन भोकं पाडायची आणि दोन्हींतून एकच बाळी ओवायची. लगेच नाही ओवत. आधी दोन बारीक सरळ कांड्या घालतात, त्यांना टोकाला इवलासा मणी असतो, स्क्रूने बसवलेला. भोकं आतून पक्की व्हायला कितीतरी महिने जातात, मग बाळी. हे सगळं मला मागाहून कळलं.

भुशाचं तू म्हणतेस तसंच असेल. लाकूड म्हटलं की भुसा आलाच, आणि उघड्या जखमेवर तो बसला की कान पिकणारच. डॉक्टर काही ठामपणे बोलले नाहीत, पण दुसरं काय असणार? तिचं काम सोडवलंस, ते तू आई म्हणून विचार करूनच केलं असशील. मी मध्ये पडणार नाही. कारखान्याचे मिस्त्री विचारत होते फक्त, पोरगी परत कधी येते म्हणून.

तिला माझा निरोप सांग. नको, राहू दे, काही सांगू नकोस. औषध वेळेवर घ्यायला लाव.

तुझी लाडकी धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. माझी चूक नाही असं लिहिलंस. "तू भोळी आहेस, तिने तुला गुंडाळलं. तू तिच्यासाठी जेवढं केलंस तेवढं सख्ख्या आईनेही केलं नसतं." हे वाक्य मी दुकानात काउंटरमागे उभ्याने वाचलं. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं कोणी गेलं की काय. त्याने मला पाणी आणून दिलं.

ताई, मी खोटं बोलले. तोंडाने बोलले आणि मागच्या पत्रात लिहूनही खोटं बोलले. तिने मला गुंडाळलं नाही. तिला टोचायला मीच घेऊन गेले.

झालं असं. तिने तिचं पहिलं स्टूल पूर्ण केलं. एक खिळा नाही त्यात, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. मिस्त्री त्यावर चढून उभे राहिले आणि स्टूल हललं नाही. मी म्हटलं, माग काय हवं ते. तिला किती दिवस ती बाळी हवी होती. पण ती म्हणाली, "आधी आईला विचारते." अशी शहाणी आहे तुझी पोर. मीच म्हटलं, "आईला कशाला विचारायचं? मी आहे ना!"

टोचणारी बाई नीटनेटकी होती. तिने कानावर शाईचे दोन ठिपके काढले, बाळी वर धरून पाहिली, ठिपके पुसले, पुन्हा काढले. कोनात जरा जरी फरक पडला तर पुढे बाळी बसत नाही म्हणे. तुला तिची तक्रार करायची आहे ना, वय न विचारता टोचलं म्हणून? तिने विचारलं होतं. सुई हातात घेण्याआधी विचारलं. आई किंवा वडील सोबत हवेत म्हणाली. तेव्हा मी काय बोलले ते पुढे लिहिते. जरा धीर येऊ दे.

टोचून झाल्यावर भिंगरीने जी काळजी घेतली, तशी मी माझ्या डोळ्यांचीही घेत नाही. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याचा फवारा. टॉवेल नाही लावायचा, धागा अडकतो, म्हणून कागदी रुमालाने टिपायचं. कांड्या फिरवायच्या नाहीत, खपली नखाने काढायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. मानेभोवतीची गोल उशी घेऊन तिच्या भोकात कान ठेवून झोपायची बिचारी. मी थट्टा करायची, तुझा कान म्हणजे घरातला जावई झालाय! कारखान्यात केस बांधून वर सुती टोपी घालायची, कानावरून खाली ओढून. करवत चालवताना तोंडावर भुसा उडायचा, पण कानाला कण शिवला नाही. तिच्या चष्म्याची दांडी मीच वाकवून कानापासून लांब ठेवली होती. सगळं छान चाललं होतं, ताई. थोडी लाली होती, ती असतेच.

मग तू रविवारी येतेस असा तुझा फोन आला.

भिंगरी म्हणाली, "सांगून टाकू या ना मावशी. आई दोन शब्द बोलेल आणि मग तीच विचारेल, दुखलं का गं." खरं होतं तिचं. पण मी ऐकलं नाही. आदल्या संध्याकाळी तिला खिडकीजवळ बसवलं, दुकानातला भिंगाचा चष्मा लावला, आणि चष्म्याचे स्क्रू काढायच्या बारीक चिमट्याने ते मणी फिरवून उघडले. केसाएवढे स्क्रू माझ्या हातचा मळ आहेत, तुला माहीत आहे. मला त्यात मोठा आनंदही वाटला, किती सफाईने जमलं म्हणून. कांड्या काढल्या, कापसाने पुसलं, वर केस सोडले. म्हटलं, ताई गेली की परत घालू.

रविवारी तू तिला न्हाऊ घालू का विचारलंस. ती नको म्हणाली, तुला वाईट वाटलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

तू गेल्यावर कांड्या जाईनात. भोकं वरून मिटली होती. असल्या जखमा फार लवकर मिटतात, हे टोचणारीने निघताना चांगलं बजावून सांगितलं होतं: काही वाटलं तर माझ्याकडे या, घरी काढू नका, कांडी काढली तर आतली घाण आतच कोंडते. तसंच झालं. कान सुजला, तापला, टोमॅटोसारखा लाल झाला. भिंगरी रडकुंडीला येऊन म्हणाली, "टोचणारीकडे जाऊ या." मी म्हटलं, उद्या बघू. उद्या बघू म्हणत तिला ताप चढवला मी. का नेलं नाही विचारशील. त्या बाईने मला सगळ्यांसमोर विचारलं असतं, "आई असून असं केलंत?"

हो ताई. मी तिला तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, आई-वडील सोबत हवेत, आणि मी म्हटलं, "मीच तिची आई."

तोंडातून सहज निघून गेलं. भिंगरी हसली आणि नाटकी आवाजात म्हणाली, "आई, माझा हात धर ना." मी धरला. टोचताना तिने तो असा आवळला की माझी बोटं पांढरी पडली. घरी परत येताना सबंध रस्ताभर मी हवेत होते. इतक्या वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. तुझा हेवा वाटतो असं मी कधी म्हटलं नाही, पण वाटतो. तू पोर माझ्याकडे विश्वासाने ठेवलीस आणि मी तुझी जागाच घेऊन बसले. तुझ्यापासून मला तो कान लपवायचा नव्हता, हे लपवायचं होतं.

इस्पितळात कानाला चीर देऊन तिला बाहेर आणलं, तोवर तू येऊन पोहोचली होतीस. तू विचारलंस, कशाने झालं. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन म्हणून वाट पाहत होती ती. मी म्हटलं, "कारखान्यात भुसा असतो ना." मी बोलले आणि तू लगेच मान हलवलीस. भिंगरीने डोळे मिटून घेतले आणि त्यानंतर तुझी सगळी बोलणी एकटीने खाल्ली. बेफिकीर, नाटकी, खोटारडी. मी शेजारी तिची पिशवी भरत होते.

काल मिस्त्री चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आले. म्हणाले, "बाई, माझ्या भुशाने पोरीचा कान गेला हे मनाला फार लागलंय. आता दिवसातून तीनदा झाडतो मी." महिनाअखेरपर्यंत तिची जागा धरून ठेवणार आहेत, त्यानंतर त्यांना दुसरं कोणी घ्यावंच लागेल. तिच्या हातासारखा हात त्यांनी पाहिला नाही म्हणतात. मी त्यांच्या कानामागे दांडी बसवत होते. त्यांना मी तिथेच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा घातला आणि ते निघून गेले.

ताई, तिला परत पाठव. कामावर पाठव, माझ्याकडे नको. मिस्त्रींची बहीण कारखान्याच्या मागेच राहते, तिची खोली रिकामी आहे. मी विचारून ठेवलं आहे, तू स्वतः येऊन बघून जा. तू म्हणशील तोवर मी त्या गल्लीतही पाऊल टाकणार नाही. तिच्या कानाची कड आता जरा दुमडलेलीच राहील, चष्मा त्या बाजूला तिरका होईल. तिकडच्या कोणा चांगल्या माणसाकडून दांडी नीट करून घे. मी केली असती, पण तिच्या कानाजवळ माझा हात नको आता.

हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. मध्येच ती म्हणेल, "आई, मावशीला बोलू नकोस." तिचं ऐकू नकोस. आणि त्याआधी एकदा तिला जवळ घे आणि विचार, दुखलं का गं.

तिची मावशी