डबीतलं चित्र

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ताई,

आज सकाळी दुकान उघडलं. शोकेसच्या काचा पुसल्या. मग दुपारपर्यंत जुने चष्मे धुतले, पुसले, डब्यांत भरले. तीन खोकी झाली. जेवलो. बाबा थोडा वेळ पडले. संध्याकाळी ते आणि आई शिंपीकाकांकडे गेले, त्यांच्या नातवाचा वाढदिवस आहे. डोकं दुखतंय असं सांगून मी मागे राहिले. डोकं दुखत नाही. दोन खोक्यांना चिकटपट्टी लावून झाली आहे, तिसरं उघडं आहे. शटर अर्धं खाली ओढून मी तुझ्या स्टुलावर बसले आहे. ते अजून डगमगतं.

तू असतीस तर इथवर वाचून म्हणाली असतीस, "न्यायाधीश, हे पत्र आहे की पंचनामा?" मला दुसरं काही लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. घरात बोलायचं काम तुझ्याकडे होतं. मी ऐकायची, तेही चेहरा न हलवता, म्हणून तर तू मला न्यायाधीश म्हणायला लागलीस. बाबांचा किंवा तुझा विनोद झाला की सगळे आधी माझ्याकडे बघायचे. आई लगेच हसते, तिचं मत धरायचं नाही, असा तुझा नियम होता. माझ्या ओठाचा कोपरा जरा हलला की तू टेबलावर हात आपटून ओरडायचीस, "मंजूर!"

चष्मे गोळा करायची कल्पना बाबांची, पण चित्रं तुझी. समुद्रापलीकडे गावोगाव डोळे तपासणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंना जुने चष्मे पाठवायचे ठरलं, तेव्हा बाबांनी प्रत्येकाचा नंबर काढून डबीवर चिकटवायला सुरुवात केली. त्यांच्या मते काम तिथे संपलं होतं. तू म्हणालीस, संपलं कसं? ज्याला कित्येक वर्षं नीट दिसलेलं नाही, त्याला नव्या चष्म्यातून पहिलं काय दिसणार? डॉक्टर. ते बिचाऱ्याला बरं वाटेल का? पहिलं दिसेल ते हसवणारं पाहिजे. मग तू प्रत्येक डबीत एक बोटभर चित्र घालायला लागलीस. अक्षर एकही नाही, कारण तिकडची भाषा आपल्याला येत नाही. वजनाच्या काट्यावर झोपलेली मांजर आणि हतबल दुकानदार. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दारात एकदम अडकलेले दोन जाडे गृहस्थ. डोक्यावर चष्मा ठेवून पलंगाखाली शोधणारे आपले बाबा. प्रत्येक चित्र आधी माझ्यासमोर यायचं. मी हलले तर डबीत, नाहीतर कचऱ्यात. तुझी चांगली चांगली चित्रं मी कचऱ्यात घालवली असतील, पण तू कधी अपील केलं नाहीस.

आमच्या कॉलेजात 'विद्यार्थी आणि जागतिक प्रश्न' असा सप्ताह असतो, त्याला तू एकदा माझ्याबरोबर आली होतीस. पाणीटंचाईवर भाषण होतं. प्रमुख पाहुण्यांपुढे पाण्याच्या चार बाटल्या होत्या आणि ते प्रत्येकीतून एकच घोट घेत होते. तू माझ्या कानात म्हणालीस, "टंचाई कशी होते ते प्रात्यक्षिकासह दाखवतायत." मी हसले नाही, पण नाकातून आवाज आला आणि पुढच्या रांगेतल्या भूगोलाच्या बाईंनी वळून पाहिलं. बाहेर आल्यावर तू गंभीरपणे मला विचारलंस की जगाचं भलं करायला निघालेल्या माणसांचे चेहरे पोट बिघडल्यासारखे का असतात. मी त्यावर बराच विचार केला आहे. मी वर्गात आकडे शिकते. जगात चष्मा हवा असून न मिळणारे लोक किती, तो आकडा मी पेपरात लिहिला आहे, आणि लिहिताना मला काहीच वाटलं नाही. तो फारच मोठा आहे. मला वाटतं, त्या पाहुण्यांचंही तसंच होत असेल. आकड्यापुढे कसा चेहरा करायचा ते कळत नाही, मग माणूस गंभीर होतो.

पण डॉक्टरीणबाईंनी कळवलेले ते म्हातारे गृहस्थ मला अजून दिसतात. चष्मा मिळून महिना झाला होता, तरी दुसऱ्या गावाहून चालत ते परत आले. बाईंना वाटलं नंबर चुकला. तर ते म्हणाले, चष्मा उत्तम आहे, पण शेजाऱ्याच्या डबीत मांजर निघाली, माझ्या डबीत काही नव्हतं. माझी मांजर कुठे आहे? एक डबी चुकून रिकामी गेली होती. ते वाचून तू हसलीस, हसता हसता तुझा चहा सांडला आणि तू त्याच दिवशी त्यांच्यासाठी मांजर काढलीस. चार पायांऐवजी पाच काढलेस, उशिराबद्दल एक जास्त.

तू गेल्यावर खोकी टेबलाखाली सरकवली गेली. कोणी ठरवून सरकवली नाहीत. लोक चष्मे आणून देत राहिले, बाबा 'ठेवा तिथे' म्हणत राहिले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. त्यांना तुझं माहीत नव्हतं. खोकी कधी निघतील, असं त्यांनी विचारलं होतं. जास्त नंबरचा एक तरी मिळाला तर पाहा, एक शाळेतली बाई फळ्याला नाक लावून लिहिते आणि मुलं मागे दंगा करतात, असंही तिच्या नंबरासकट लिहिलं होतं. बाबांनी मला वाचायला दिलं आणि स्वतः हिशेब नसलेल्या वहीत हिशेब बघत बसले. मग म्हणाले, पाठवू या, चित्रांशिवाय पाठवू. मी म्हणाले, नाही. ताई, मी बाबांना आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले. ते इतके चकित झाले की त्यांनी विचारलं, "बरं वाटत नाही का तुला?"

मग रोज संध्याकाळी आम्ही तिघं बसायला लागलो. आई धुवायची, बाबा नंबर काढायचे, मी पुसायची. रेडिओ लावायचो म्हणजे बोलावं लागत नसे. आता ऐक. नंबर काढायच्या यंत्रातून बघताना बाबा स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवतात, हे तुला माहीत आहेच. एके दिवशी तो त्यांनी ढिगाच्या शेजारी ठेवला. दोन चष्मे झाल्यावर हात चुकला आणि त्यांनी आपलाच चष्मा उचलून यंत्रात घातला. मी बघत होते. आईही बघत होती. बाबांनी नंबर काढला, डबीवर चिकटवला, काच उजेडात धरली आणि चिडलेच. "हा कोण माणूस आहे? ओरखडेच ओरखडे! सदऱ्याला पुसत असणार. काडी बघ, कशी वाकवली आहे, यावर झोपतो की काय? अशा माणसाला चष्मा द्यायचाच नाही." डबी बंद केली, खोक्यात टाकली आणि टेबलावर हात फिरवायला लागले. आधी हळू, मग भराभर. मग डोक्यावर. मग खिशात. शेवटी आईला म्हणाले, "अगं, माझा..."

आई फुटली. तुला तिचं हसणं माहीत आहे, आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात आणि मग एकदम शिट्टीसारखं काहीतरी निघतं. ती शिट्टी या घरात कित्येक महिन्यांत वाजली नव्हती. बाबांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी अत्यंत मानाने ती डबी खोक्यातून काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "माणूस तसा बरा आहे." मी हसले. कोपराबिपरा नाही, पूर्ण हसले, खाली बसून. आई डोळे पुसत म्हणाली, "न्यायाधीश आडव्या झाल्या." आणि मग आम्ही तिघांनीही तुझ्या स्टुलाकडे बघितलं, आणि वाईट वाटलं, पण हसू लगेच थांबलं नाही. दोन्ही एकदम चालू होतं.

दुसऱ्या दिवशी मी चित्र काढायला बसले. कोंबडी काढली. आईने चहाची किटली म्हणून ओळखली. बाबांनी चष्मा नीट बसवून पाहिलं आणि पंप म्हणाले. शिंपीकाका आपला चष्मा परत न्यायला आले होते, कारण त्यांनी रोजचा चष्मा आम्हाला देऊन सासूबाईंचा घरी ठेवला होता आणि तो लावून एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा एक पाय बोटभर लांब शिवला होता. त्यांनी कोंबडी उलटी धरली आणि म्हणाले, "हा माणूस ओळखीचा वाटतो." सगळे इतके हसले की मी ती मंजूर केली. मला विनोदी काढता येत नाही, पण वाईट काढता येतं आणि तेही चालतं, असं दिसतं. खोक्यांत आता कोंबड्या बऱ्याच आहेत.

भूगोलाच्या बाईंनी यंदाच्या सप्ताहात मला आपल्या चष्म्यांबद्दल बोलायला लावलं. तू असतीस तर तू बोलली असतीस, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला ते कळलं. मी तयारी आकड्यांची केली होती. उभी राहिले आणि पहिला आकडा पुटपुटले. मागून कोणीतरी 'मोठ्याने' म्हणालं. तेव्हा मी कागद खाली ठेवून बाबांच्या चष्म्याची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी, पंचनाम्यासारखी. ताई, सभागृह हसलं. मी थांबले की आणखी हसायचे, म्हणून मी पुढे बोलत राहिले आणि बोलता बोलता त्या म्हाताऱ्या गृहस्थांपर्यंत आले. त्यांनी आपली मांजर मागितली तिथे मात्र कोणी हसलं नाही, नंतर हसले. त्या आठवड्यात तिसऱ्या खोक्यापुरते चष्मे जमले. एका मुलाने तर डोळ्यावरचाच काढून दिला आणि दाराला धडकला. मी तो परत केला.

आज सकाळी आईने तुझा चष्मा कपाटातून काढला. मी काही म्हटलं नव्हतं, बाबांनीही नाही. तिने तो साबणाने धुतला, मऊ फडक्याने पुसला आणि बाबांच्या पुढे ठेवला. म्हणाली, "हिचा नंबर जास्त होता ना. त्या शाळेतल्या बाईंना होईल का बघा." बाबांना तुझा नंबर पाठ आहे. तरी त्यांनी आपला चष्मा काढला, तुझा यंत्रात घातला आणि बराच वेळ डोळा लावून बसले. मग काच उजेडात धरली. "एक ओरखडा नाही," म्हणाले. "या माणसाने नीट सांभाळलाय." बाईंच्या नंबराच्या तो अगदी जवळ आहे. डबी त्यांनी माझ्या हातात दिली आणि चित्राचं बघ म्हणाले.

तर हे पत्र त्यासाठी आहे. तिसरं खोकं त्या एका डबीसाठी उघडं आहे. उद्या सकाळी गाडीवाला येईल. दुपारपासून मी चार कोंबड्या काढल्या आणि चारही नामंजूर केल्या. तुझ्या डबीत कोंबडी कशी घालू? काय काढू, ते तुलाच विचारावं म्हणून लिहायला बसले, आणि सांडलेल्या चहापाशी आले तेव्हा सुचलं. आपण चौघंही चष्मेवाले, पण गरम चहा पिताना आम्ही तिघं चष्मा काढून ठेवायचो. तू कधीच काढला नाहीस. कपात तोंड घातलंस की दोन्ही काचा पांढऱ्या व्हायच्या आणि तू तशीच, काही दिसत नसताना, हातवारे करत गोष्ट पुढे सांगायचीस, भिंतीकडे तोंड करून, आणि वाफ हळूहळू उतरली की तुझे डोळे वर यायचे, आम्ही अजून बसलोय का ते बघायला. हे मला काढता येतं. दोन कोरे गोल, खाली एक कप, वर तीन वाकड्या रेघा आणि एक मोठं उघडं तोंड. आत्ता काढलं. कुठल्याही भाषेतल्या चष्मेवाल्याला कळेल. ओठाचा कोपरा हलला, मंजूर. चित्र डबीत घातलं, डबी खोक्यात ठेवली, वर कागद दाबला, पट्टी लावली. मागच्या खोलीत चहा ठेवला होता, तो उकळला आहे. कपात ओतून घेते. आज चष्मा काढणार नाही.

तुझीच,
न्यायाधीश