गवतावर ठेवलेला हातमोजा

रुवैस (अबुधाबी), गुरुवार, मार्च १९९७

घरी सुमनचा गुडघा कसा असेल? बाळूचा खोकला गेला का? आईला दोन घास जातात ना? इथे माझ्या खोलीतल्या सखारामचं बोट काही बरं होत नाही. बांधकामावर खालून फेकलेली वीट झेलताना मोडलं. उद्या उपचाराला गावी चाललाय. कंपनी परत बोलावेल की नाही, कोण सांगणार?

इंजिनिअर साहेबांच्या जुन्या मासिकात एका अमेरिकन बेसबॉलवाल्याची हकीगत अडखळत वाचली. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा गडी. मारणाऱ्याच्या जवळ उभा राहून गोळीसारखे चेंडू अडवायचा. बोटं मोडली, वाकडीच जुळली, तरी पठ्ठ्या वर्षानुवर्षं खेळला! हातमोजा म्हणजे नुसती चामड्याची चपाती. आणि आपली फलंदाजी आली की हातमोजे तिथंच गवतावर टाकून जायचे सगळे. कोणी उचलत नसे. परत तिथंच तर यायचंय! काय माणसं ही!

सखारामला सांगितलं तर हसला. "अण्णा, त्याला चेंडू होता, मला वीट."

"वीट निदान टप्पा तरी घेत नाही रे गाढवा!"

मग त्यानं विचारलं, "गवतावरच ठेवायचा?"

"तिथंच."

आत्ता जेवून खोलीवर आलो, तर त्याची बॅग बांधून दाराशी. आणि खाटेवर उशीपाशी साइटवरचे फाटके हातमोजे.

"इन्शाल्ला येतो, अण्णा. तोवर यांना कुणाला हात लावू देऊ नका."

नाही देणार, सखाराम. तू पोचल्याबरोबर पत्र टाक रे बाबा. बोटाचं आधी लिही.