राखणदाराला कुणी सांगितलंच नाही

तात्या,

शनिवारी घरी एक पांढरी टोपी आली, एक जोडी बूट आले आणि उन्हात तोंडाला लावायची ट्यूब आली. खर्च काही नाही. सगळं मैत्रिणीच्या सुनेचं, वापरून परत द्यायचं. मैत्रीण तीच, माझ्याबरोबर मॅट्रिकला बसलेली, जिच्या अब्बांचं शिळफाट्याला कापडाचं दुकान होतं आणि जिला तुम्ही आंबे दिल्याशिवाय सोडत नव्हता. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलंय. मुलगा गोल्फच्या क्लबात मेंबर आहे, म्हणून ती दर रविवारी तिथे चालते, आणि नुसतं काय चालायचं म्हणून काठीने चेंडूही मारते. मला म्हणाली, "चल गं, देव रविवारी हजेरी घेत नाही." मी पूजा लवकर उरकली आणि गेले. तो क्लब कुणाच्या जमिनीवर आहे हे मला माहीत होतं, म्हणूनच इतकी वर्षं तिकडे पाय वळला नव्हता.

आपलं शेत ओळखू येत नाही. खाचरं सपाट करून त्यावर गवत वाढवलंय, या कोरड्या दिवसांतही हिरवंगार, आणि जिथे आपण आभाळाकडे बघत बसायचो तिथे पाण्याचे फवारे गोल फिरतात. एवढं पाणी बघून माझा जीव कळवळला. माथेरानच्या डोंगराची कड तेवढी जागेवर आहे. तिच्यावरून मी हिशेब लावत गेले: इथे विहीर, इथे खळं, इथे तुमची बसायची जागा. मैत्रिणीने एक चेंडू जोरात मारला आणि तो भलतीकडेच, कोपऱ्यातल्या ऐनाच्या झाडांत गेला. तेवढी झाडं आणि त्यांच्यापुढचा हातभर बांध त्यांनी का कोण जाणे तसाच ठेवलाय. आपल्या राखणदाराची, शेत राखणाऱ्या देवाची जागा.

बॅग उचलायला वाडीवरची एक बाई होती, माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची. बांधापाशी ती थांबली, बॅग खाली ठेवली आणि झाडांकडे तोंड करून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "तात्याचं मानूस हाय रं. येतंय."

मी आठ वर्षांची आहे, डोक्यावर भाकरीची टोपली आहे, आणि भूक लागलीय म्हणून मी बांधावरून तशीच उडी मारते. तुम्ही हात धुऊन बसलेले. टोपलीला हात लावत नाही. "पाठी जा. शेत आपलं, पन घर त्याचं हाय. हाक मारून ये." मी रडत मागे जाते, बांधापलीकडून ओरडते, तात्याची पोर हाय, येतंय. मग तुम्ही जेवता. मजूर असो, पाहुणा असो, प्रत्येकाने तुमचं नाव घेऊनच आत यायचं. राखणदार दुसऱ्या कुणाला ओळखत नसे.

मी त्या बाईला विचारलं, तात्या कोण. "हितला मालक हाय ना," ती म्हणाली. तिने काही त्याला बघितलं नव्हतं. सासूनं सांगितलेलं, नाव घेतल्याबिगर आत जायचं नाय. साहेब लोक आधी हसतात, पण चेंडू हरवला की तिलाच हाक मारायला लावतात. "आता होळी झाली का हितं मशीन लागनार," ती म्हणाली, "झाडं काढनार हायत."

आत ऐनांखाली बांधाला लागून चेंडूंची रांग होती. वेचलेले दगड तुम्ही जसे बांधाला लावायचात तशी, मोठे आधी, मग बारके, टाचेनं दाबून निम्मे मातीत. चेंडू सगळे एका मापाचे, तरीही ती रांग तुमचीच होती. शेवटचा चेंडू मैत्रिणीचा, तिच्या लाल खुणेचा, आत्ता मारलेला. तोही दाबलेला होता, आणि भोवतीची माती ओली होती. बाई म्हणाली, आमी नाय ठेवत. मैत्रीण आधी म्हणाली, "तुझ्या वडलांनी माझा चेंडू पेरला गं, उगवला तर निम्मा वाटा माझा." मग रांग तिनेही नीट बघितली आणि आपला चेंडू तिथेच राहू दिला.

तुम्ही गेलात आणि वर्षश्राद्धाच्या आत काकांनी जमीन विकली. मालक गेला की नव्या मालकाने नारळ आणि भाताच्या लोंब्या घेऊन जायचं, राखणदाराला तसं सांगायचं, ही रीत. ती कुणी केलीच नाही. काकांना घाई होती, तुम्हाला मुलगा नव्हता, आणि मुलीने जायचं असतं असं मला कुणी म्हणालं नाही. सांगेपर्यंत राखणदार जुन्या मालकाला सोडत नाही, असं आई म्हणायची. मैत्रिणीला मी तिथेच हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तू सांग. मेलेल्या माणसाला असं अडकवून ठेवू नये गं. मी बाहेर थांबते." आणि बाईला घेऊन ती बांधापलीकडे गेली.

मी बूट काढले, हात जोडले. वारा नव्हता. पाठीमागे कुणीतरी टाचेनं माती दाबत होतं, थांबून थांबून, काम संपवायची घाई नसलेल्या माणसासारखं. मी वळले नाही. मनात वाक्य तयार होतं: तात्या गेले, त्यांना मोकळं करा. "तात्या" एवढं म्हणाले आणि तो आवाज थांबला. कुणीतरी ऐकायला थांबलंय असं वाटलं. जन्मभर रोज सकाळी देवापुढे हात जोडणारी बाई मी, तिथे उभं राहून म्हणाले, "तात्या घरी आहेत. जेवायला बसलेत." मागे पुन्हा माती दाबायला सुरुवात झाली.

मैत्रिणीने बाहेर विचारलं, सांगितलंस? मी मान हलवली. तिने जे समजायचं ते समजून घेतलं आणि पुढचा चेंडू मारला.

हे पत्र टपालात टाकायची सोय नाही. जुना पत्ता घातला तर ते क्लबाच्या कचेरीत जाईल. पण होळीला फार दिवस उरलेले नाहीत, आणि खरं सांगितलं तर तुम्ही तिथूनही जाल, हे मला सोसवेल असं वाटत नाही. तुम्हाला थकवा आला असेल तर तसं सांगा, मी नारळ घेऊन जाईन. उलट टपाली दोन ओळी कळवा.