की-चेनमधली बट

प्रिय ठमे,

पाकिटाची जाडी बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. तुझे बाबा नेहमीसारखे टीव्हीसमोर डुलक्या काढतात आणि हलवलं की म्हणतात, जागाच होतो. रविवारच्या फोनवर जेवलीस का आणि थंडी आहे का यापलीकडे आपण जात नाही, आणि मला जे सांगायचंय ते या दोन प्रश्नांच्या मध्ये मावणारं नाही, म्हणून कागद घेतला. शिवणवाल्या बाईंना मी नऊ वर्षं फसवलं आणि त्यात तुलाही ओढलं. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर मी पानभर इकडच्या तिकडच्या गप्पा मारेन आणि मुद्द्याचं तसंच राहील. तू मला ओळखतेस.

बाई तुला आठवतच असतील. मागच्या गल्लीत जिन्याखालच्या खोलीत मशीन घेऊन बसायच्या, तुझ्या शाळेच्या गणवेशाला दरवर्षी दोन बोटं जास्तीची दुमड ठेवून द्यायच्या. त्यांची एकुलती मुलगी चौदाव्या वर्षी आजारपणात गेली. तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि माझं की-चेनचं काम जोरात चाललं होतं. आधी लोकरीचे गोंडे, मग मण्यांची अक्षरं, मग रेझिन. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग माझ्या साच्यांनी अडवलेला असायचा आणि तुझे बाबा उरलेल्या अर्ध्यावर कोपर सावरत जेवायचे. वाळलेली फुलं, शिंपले, बाळाचा पडलेला दात, लोक काय वाट्टेल ते आणून द्यायचे, आणि मी ते काचेसारखं गोठवून कडीत अडकवून द्यायचे. चार लोकांत माझं नाव झालं होतं. ते माझ्या डोक्यात गेलं होतं, हेही लिहायला हवं.

बाई एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. आत केसांची बट होती, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. दवाखान्यातल्या नर्सने कापून त्यांच्या हातात दिली होती. म्हणाल्या, सगळी घाला, एक केसही मागे ठेवू नका. घरी राहिली तर मी ती सारखी उघडून चाचपत बसेन, आणि एक दिवस वाऱ्याने जाईल.

रेझिन म्हणजे दोन बाटल्या. एकीतले दोन भाग, दुसरीतला एक, मोजून घ्यायचे, ढवळायचे, ओतायचे आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. मोजायला खुणांचे पेले मिळतात. पण जन्मभर भाजीत मीठ अंदाजाने घालणाऱ्या बाईला पेले कशाला हवेत? शंभरदा डोळ्यांच्या मापाने जमलं होतं. त्या खेपेला नाही जमलं. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. तिसऱ्या दिवशीही तसंच, चोखून ठेवलेल्या गोळीसारखं. माप चुकलं की ते कधीच वाळत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी दोन दिवस ते उन्हात ठेवलं. मग स्पिरिट घालून केस सोडवायला गेले तर ते तुटले, गोळा झाले, ओळखीचे राहिले नाहीत. तो लगदा मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि सकाळी कचऱ्याची गाडी तो घेऊन गेली. हे वाक्य मी तीनदा खोडलंय, हे चौथं.

त्याच दिवशी बाई न्यायला येणार होत्या. निरोप धाडला, उद्या या. सांगायचं धाडस झालं नाही गं. त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं, आणि ते मी माझ्या तोऱ्यापायी घालवलं होतं. तू तापाने पडली होतीस. दुपारी औषधाच्या गुंगीत झोपली होतीस आणि वेणी उशीवरून खाली लोंबत होती. मी कात्री आणली. मानेपाशी, आतल्या बाजूने, वरून दिसू नये अशी बट कापली. तू कूस बदललीस, पण उठली नाहीस. त्यांच्या लेकीचे केस पिंगट आणि जरासे लाटांचे, तुझे काळे आणि सरळसोट. मी ते पेन्सिलीभोवती गुंडाळून वाकवले. या खेपेला पेल्याने मोजलं. बाईंना सांगितलं की रेझिनमध्ये केस गडद दिसतात, आणि हे खरं असल्यामुळे बाकीचं खोटं पचलं. त्यांनी ती की-चेन खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. म्हणाल्या, हो, हीच. मग माझे हात हातात घेतले. मी घेऊ दिले.

आता तुझ्या वाटणीचं. चार दिवसांनी न्हाताना तुला ती तुटकी जागा लागली. ओल्या केसांनी रडत बाहेर आलीस. शेजारची ती चष्मिष्ट, तुझी जिवाभावाची मैत्रीण, त्याच आठवड्यात बाहुल्यांचे केस कापत बसली होती. मी म्हटलं, तीच असेल, तुला बघायला आली होती ना. एवढंच म्हटलं. पुढचं तू केलंस. तू तिच्या दारात जाऊन जे बोललीस ते मी आपल्या खिडकीतून ऐकलं, ती शपथा घेत होती तेही ऐकलं, आणि मी भांडी घासत राहिले. तुमची दोघींची तोंडं पुन्हा सरळ झाली नाहीत. तिचं काहीच चुकलं नव्हतं, ठमे. तू नंतर केस बारीक करून घेतलेस आणि पुन्हा कधी माझ्याकडून वेणी घालून घेतली नाहीस. मला वाटायचं, हिला आतून कळलंय. चोराच्या मनात चांदणं.

बाईंच्या पर्सला ती की-चेन नऊ वर्षं लटकत होती. बाजारात लांबून दिसली तरी मी रस्ता बदलायचे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, ते गेल्या महिन्यात फुटलं. रेझिन कालांतराने पिवळं पडतं. त्यांची की-चेन पार मधासारखी झाली होती, एक कोपराही उडाला होता. त्या ती घेऊन आल्या आणि रुमालात बांधलेली एक फणी घेऊन आल्या. कपाट आवरताना मागच्या फळीवर सापडली म्हणाल्या. फणीच्या दातांत लेकीचे केस होते, पिंगट. त्यांना जुनी की-चेन फोडून हवी होती, आतले आणि फणीतले केस एकत्र करून नवी करायची होती. आणि पुन्हा बंद करण्याआधी एकदाच ती बट बोटांत धरायची होती.

मी सामान संपल्याचं सांगितलं. मग अंगठा दुखतो म्हणाले. त्या म्हणाल्या, नऊ वर्षं थांबले, आणखी आठवडाभर थांबते. चौदा वर्षं ज्या बोटांनी वेण्या घातल्या त्यांना तुझे केस ओळखायला किती वेळ लागला असता? पण खरं लिहिते, बोटांना कळणार नाही अशी खात्री असती तर मी याही वेळी गप्प बसले असते. इतकी मी वाईट निघाले.

मंगळवारी त्या समोर बसल्या आणि मी पक्कड खाली ठेवून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, कुणाचे? मी म्हटलं, माझ्या लेकीचे. विचारलं, कुठे असते? म्हटलं, लांब, नोकरीला. मग फणी रुमालातून सोडवून समोर ठेवली. आणि जे बोलल्या ते मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. शेवटच्या दिवशी मुलगी दवाखान्यात हट्ट करत होती, आई जाऊ नकोस. बाईंना कुणाचा तरी झगा शिवून द्यायचा होता. त्या तिच्यावर खेकसल्या, किती किरकिर करतेस म्हणाल्या आणि घरी आल्या. परत गेल्या तेव्हा संपलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी ती की-चेन मुठीत धरून त्या लेकीची माफी मागायच्या. एक दिवस चुकवला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, माझी माफी कुणाला पोचली हो? त्यांनी फणी उचलली, की-चेन टेबलावरच ठेवली, आणि दारातून वळून म्हणाल्या, तुमच्या लेकीलाच विचारा.

म्हणून हे पत्र. नऊ वर्षं रोज सकाळी एक आई तुझ्या केसांशी बोलत होती. ते तुला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक नव्हतं, फक्त मला ठाऊक होतं. तिला उत्तर देऊ शकेल असं माणूस आता तू एकटीच आहेस. माफ केलं असं लिही, किंवा माफ करायचा मला हक्क नाही असं लिही, पण लिही. पत्ता तोच आहे, मागची गल्ली, जिन्याखालची खोली. मलाही काही लिहावंसं वाटलं तर लिही, शिव्या असल्या तरी चालतील, पण आधी त्यांना. कालपासून त्यांचं मशीन बंद आहे.

तुझीच,
आई