अकरा गठ्ठे, एक फेरी

४ ऑक्टोबर १९७६
डॉक्टरबाईंच्या खोकल्याच्या पाहणीची भोकं पाडलेली कार्डं आज पुरी झाली. लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या, अकरा वस्त्या, अकरा गठ्ठे. माणसामागे एक कार्ड. मुंबईच्या कॉम्प्युटरवर आम्हाला आठवड्यातून एकच फेरी. फेरीला एक गठ्ठा, म्हणजे अकरा आठवडे. ठाण्याच्या ऑफिसला तक्ते महिनाअखेर हवेत, नाहीतर नारपोलीच्या नव्या दवाखान्याचा अर्ज पुढच्या वर्षावर. बाई चष्मा पुसत बसल्या.

७ ऑक्टो.
प्रोग्रॅम नव्याने लिहिला. प्रत्येक गठ्ठ्यावर मथळ्याचं कार्ड: वस्तीचा नंबर, आत माणसं किती. यंत्राने तेवढी कार्डं वाचायची, तक्ता छापायचा, पुढचा मथळा घ्यायचा. मथळ्यात शून्य दिसलं की थांबायचं. अकराही एका दमात. कागदावर तरी चालतंय.

१२
मुंबई. ऑपरेटर म्हणाले, एवढी कार्डं एका कामात कोणी आणत नाही. तरी घातली. पहिले चार तक्ते सुरेख. पाचव्यात घोटाळा, पुढे सगळंच... सातशे वर्षांचे कामगार. परतताना बसमध्ये कागद उघडवेना.

१३
पाचवा गठ्ठा नारपोलीचा. तीनदा मोजला. एक कार्ड कमी. म्हणून यंत्राने पुढच्या वस्तीचा मथळाच माणूस समजून वाचला. यादीशी ताडलं: तिथले म्हातारे लूमवाले युसूफचाचा नाहीत. मग आठवलं. गेल्या आठवड्यात ते आमच्या ऑफिसात आले होते, आपलं कार्ड उजेडात धरून बघत होते. मीच हातात दिलेलं.

१४
नारपोलीला गेले. लूमच्या खडखडाटात ओरडून विचारलं. चाचांनी कार्ड रेशनकार्डात घालून जपलं होतं. म्हणाले, "इसमें मेरी खाँसी लिखी है ना? सोचा, डॉक्टर को दिखाना पड़ेगा." मी रागावणार होते, जमलं नाही. कार्ड मागून घेतलं.
चूक माझी. प्रोग्रॅमचीही. एक कार्ड हरवलं की सगळं कोसळतं, हे बरं नाही. आता आकड्यावर विसंबायचं नाही. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी सगळे नऊ असलेलं कार्ड. ते दिसलं की वस्ती संपली. मोजलेला आकडा नुसता शेजारी छापायचा, ताळा बघायला.

१९
मुंबई. अकरा तक्ते. ताळा सगळीकडे जुळला, चाचांसकट. मी तिथल्याच बाकावर बसले. ऑपरेटरनी चहा मागवला आणि विचारलं, तुमच्या प्रोग्रॅमची एक प्रत ठेवू का. ठेवा म्हटलं.

२०
बाई बोट ठेवून एकेक वस्ती वाचत गेल्या. नारपोलीपाशी थांबल्या; खोकला तिथेच सगळ्यात जास्त. "मला वाटलंच होतं. पण नुसतं वाटतं म्हणून अर्जात लिहिता येत नाही गं."

२९
बाई ठाण्याला जाऊन आल्या. तक्ते वेळेत पोचले, एवढं नक्की. तिथले साहेब बघतो म्हणाले. दुपारी मी पोटभर जेवले, किती दिवसांनी.
पाच वाजता युसूफचाचा दारात. सांगितलं, यंत्राने सगळ्या वस्त्या एकदम वाचल्या, तुमचं कार्डही. खूश झाले. हसता हसता खोकला लागला, पाणी दिलं. मग म्हणाले, "तो दवाख़ाना कब खुलेगा?"
मी म्हटलं, कागद ठाण्याला पोचलाय, उत्तर यायचंय. त्यांनी मान हलवली आणि ते वाट बघायला स्टूल ओढून बसले.